माणसाच्या हवाली

याकूबभाई होते तोवर रिसोडच्या स्टँडवरून एकट्या माणसाला कुठं जायची सोय नव्हती. गाड्या होत्या, तिकीट मिळायचं, नशीब असलं तर खिडकीची जागाही मिळायची. पण याकूबभाईंच्या नजरेला एकटं माणूस पडलं की संपलं. ते त्याला कोणाच्या तरी हवाली करत. हवाली हा त्यांचाच शब्द. "गाडीचा काय भरोसा, ताई? गाडी लोखंडाची. माणूस माणसाच्या हवाली करा लागते," असं ते मला सांगत, आणि मी काउंटरमागून त्यांना हात जोडत असे, कारण माझ्यासमोर गिऱ्हाईक ताटकळत उभं आणि ह्यांचं प्रवचन सुरू.

माझं औषधाचं दुकान स्टँडच्या फाटकासमोर होतं आणि त्याला लागून त्यांची टपरी. पुण्या-मुंबईच्या ट्रॅव्हल्सचं बुकिंग करायचं आणि आमच्या वाशिमकडच्या मालेगाव-मेडशीच्या जिपा भरून द्यायच्या, हा धंदा. उंच, जरासे वाकलेले, दाढीला मेंदी, गळ्यात चौकटीचा रुमाल. मे महिन्यातही अंगात बिनबाह्यांचं स्वेटर. का घालता म्हणून विचारलं तर म्हणत, "गरमी आतच नाई येत मंग."

दुकान टाकलं त्या वर्षी लायसनच्या कामाला मी अमरावतीला निघाले होते. गाडीत बसले, पर्स मांडीवर घेतली, तेवढ्यात खिडकीत ही दाढी. ताई एकट्या आहेत का, असं मला विचारलंदेखील नाही. माझ्या शेजारच्या मिशीवाल्या गृहस्थाला सरळ हुकूम सोडला की ह्यांना अमरावतीला उतरवून द्या. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, मी शिकलेली बाई आहे, मला पाट्या वाचता येतात. तर शांतपणे म्हणाले, "वाचता येते म्हणून झोप लागत नाई काय?" आणि बाप्पा, लागली की! बडनेऱ्याच्या आधीच माझी मान त्या मिशीवाल्याच्या खांद्यावर गेलेली. त्यानं मला हलवून उठवलं आणि स्टँडवर उतरवून दिलं. परत आल्यावर आठ दिवस मी याकूबभाईंशी बोलले नाही.

माझ्या सासूबाईंना तर त्यांनी एकदा लग्नाच्या वऱ्हाडाच्या हवाली केलं. जायचं होतं कारंजाला, माझ्या नणंदेकडे. दुपार झाली, सासूबाईंचा पत्ता नाही. नणंद फोनवर रडायला लागली, माझ्या तोंडचं पाणी पळालं, आणि याकूबभाई आपले टपरीत बसून, "हवाली केल्या आहेत, येतीन." दिवस मावळता मावळता सासूबाई कारंजात पोहोचल्या, त्याही नवरदेवाच्या मामाच्या गाडीतून, मांडीवर ओटीचं ब्लाउजपीस घेऊन. लग्न वाटेतल्या गावी होतं. आपल्या हवाली दिलेली म्हातारी मधेच कशी सोडावी, म्हणून त्यांनी तिला लग्न दाखवलं, जेवू घातलं आणि मग नेऊन पोहोचवलं. सासूबाईंची तक्रार एवढीच, की भात जरा कच्चा होता.

हसण्यावारी नेण्यासारखं असलं तरी त्या माणसाचं जाळं जबरदस्त होतं. प्रत्येक स्टँडवर त्यांचा एकेक माणूस. कुठं चहावाला, कुठं पानठेलेवाला, कुठं हमाल. इकडून गाडी सुटली की तिकडे फोन जाई, आणि गाडी तिथं लागली की तो माणूस बसच्या पत्र्यावर थाप मारून नाव पुकारी. म्हणून प्रवाशाला याकूबभाईंचं एकच सांगणं असे, "उतरू नको. माणूस येईन, तुह्यं नाव घेईन, मंगच उठजो." म्हातारी माणसं, माहेरी निघालेल्या पोरी, दवाखान्याला निघालेले पेशंट, सगळ्यांना हाच मंत्र. त्यांच्या हातून कधी कोणी हरवलं नाही. त्याचा त्यांना गर्व होता, आणि असायलाच पाहिजे होता.

त्यांची बायको बिल्किसभाभी. माहेर मेडशीचं, मराठी शाळेत सातवी झालेली. दुपारी माझ्या दुकानात येऊन बसायची आणि औषधांच्या खोक्यांवरची इंग्रजी नावं एकेक अक्षर लावून वाचायची. सगळं बरोबर वाचायची. पण लग्न होऊन आल्यापासून ती मेडशीलासुद्धा कधी एकटी गेली नाही. दर वेळी याकूबभाई तिला कोणाच्या तरी शेजारी बसवून देत. एकदा मी चिडून म्हटलं, भाभी, तुमच्याच गावचा रस्ता ना? ती म्हणाली, "रस्ता मले पाठ आहे, ताई. पण ह्यायले बरं वाटते तसं." तिथंच तो विषय संपला.

एकुलती एक लेक शबनम. अकोल्याला नर्सिंग केलं, आखातात नोकरी केली, जहाजावर इंजिनिअर असलेल्या कारंजाच्या एका पोराशी निकाह झाला, आणि तिथून ही पोरगी गेली कुठं, तर नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, उत्तर ध्रुवाकडच्या समुद्राकाठच्या एका गावात. तिथं म्हाताऱ्यांच्या निवासात नर्स. गावाचं नाव मला कधी धड उच्चारता आलं नाही. हिवाळ्यात तिथं सूर्य उगवतच नाही, हे याकूबभाईंनी स्टँडवर सांगितलं तेव्हा जीपवाले म्हणाले, भाई, आता लय झालं.

मग एक दिवस शबनमचा फोन आला. आठवा महिना लागला होता, नवरा जहाजावर, बाळंतपणानंतरच सुटणार, आणि तिचं बीपी चढत चाललेलं. अम्मीला पाठवा, म्हणाली. स्वतः नर्स असलेली पोरगी घाबरून आईला बोलावते म्हटल्यावर मी काय ते समजले. याकूबभाईंनी मला विचारलं, मी खरं ते सांगितलं: बीपी फार वाढलं तर बाळंतिणीला झटके येतात, जवळ आपलं माणूस असलेलं बरं. दोघांनी व्हिसासाठी अर्ज केले. भाभीचा मिळाला. याकूबभाईंचा नाही मिळाला.

मी म्हटलं, झालं, आता हे जाणं राहिलं. जी बाई मेडशीला एकटी गेली नाही ती ध्रुवाला कशी जाईल? आणि हा माणूस पाठवेल तरी कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी याकूबभाई शाळेतल्या मास्तरांकडून भूगोलाचा नकाशा घेऊन माझ्या काउंटरवर हजर. अकोल्यावर बोट ठेवलं आणि वर वर सरकवत नेलं. नॉर्वेच्या टोकाला बोट कागदाच्या कडेला लागलं. "ताई, अठी तं कागदच संपून राह्यला," म्हणाले. पण आवाजात भीती नव्हती. जीप भरताना असतो तसा हुरूप होता.

आणि मग त्यांनी जे केलं ते पाहून आख्ख्या स्टँडनं तोंडात बोट घातलं. मुंबईपर्यंत भाचा सोबत. मुंबईहून आखातापर्यंत कारंजाचे एक जैन व्यापारी, ज्यांनी याकूबभाईंच्या शब्दाखातर आपलं जाणं पुढे ढकललं. आखातातल्या विमानतळावर सफाईचं काम करणारा मंगरुळपीरचा पोरगा. तिथून पुढं नॉर्वेच्या राजधानीपर्यंत माझ्या पुण्याच्या आतेबहिणीच्या ओळखीचं एक जोडपं. आणि राजधानीत कोण? एक पाकिस्तानी टॅक्सीवाला! शबनमच्या कोणा ओळखीचा. याकूबभाई त्याच्याशी रोज संध्याकाळी उर्दूत गप्पा मारत, पाऊसपाणी, गव्हाचे भाव, गुडघेदुखी. त्याच्या गावाकडेही गाडी भरल्याशिवाय सुटत नाही म्हणे. मी हबकले. अहो याकूबभाई, म्हटलं, पाकिस्तानचा माणूस?

"ड्रायव्हर आहे, ताई," ते म्हणाले. त्यांच्या लेखी त्यात सगळं आलं.

राजधानीहून उत्तरेच्या एका मोठ्या शहरापर्यंतच्या विमानात त्या टॅक्सीवाल्याचा एक गाववाला सोबत, आणि तिथं शबनमची एक फिलिपिनी मैत्रीण भाभीला छोट्या विमानात बसवून देणार. ते छोटं विमान म्हणजे काय, हे शबनमनं फोनवर समजावलं. किनाऱ्यानं गावोगाव उतरत जातं, कोणी उतरतं, कोणी चढतं, की लगेच पुढच्या गावाला. याकूबभाईंना इतका आनंद झाला की ते उठून उभेच राहिले. "म्हणजे आपली रिसोड-मेडशीच झाली!" आता कसलीच काळजी उरली नाही. लेकीच्या गावी तिची एक वयस्कर सहकारी घ्यायला येणार होती. तेवढ्या शेवटच्या टप्प्याला सोबत मिळाली नव्हती, पण माणूस तर येणारच होता.

भाभीची बॅग आम्ही सगळ्यांनी मिळून भरली. डिंकाचे लाडू, अळीव, ओवा, बाळंतशोपा, बाळंतिणीला द्यायच्या अछवानीच्या काढ्याचं सामान, एक जुन्या लुगड्यांची गोधडी. ट्रॅव्हल्सच्या पायरीवर याकूबभाईंनी तिला पुन्हा बजावलं: उतरू नको, माणूस येईन, तुह्यं नाव घेईन, मंगच उठजो. भाभीनं मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

पुढं सगळं जमून येत गेलं. "पोहोचल्या, दिल्या," असे फोन येत आणि याकूबभाई ते स्टँडवर ओरडून सांगत. टॅक्सीवाल्यानं फोटो पाठवला: जाडजूड कोटात भाभी, आजूबाजूला पांढराफेक बर्फ, चेहरा जरा रुसल्यासारखा. तो फोटो कंडक्टरांनी पाहिला, हमालांनी पाहिला, माझ्या गिऱ्हाइकांनी डोकेदुखी विसरून पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी फिलिपिनी मुलीचा निरोप आला की छोट्या विमानात बसवलं. याकूबभाईंनी सगळ्यांना चहा सांगितला.

तासाभरानं चहाचा दुसरा फेरा चालू होता, तोच शबनमचा फोन. विमान आलं, माणसं उतरली, अम्मी उतरली नाही. विमान पुढं निघून गेलं.

याकूबभाई आधी हसले. असं होतच नाही, म्हणाले. मग शबनम जे बोलली ते ऐकून त्यांनी फोन माझ्यापुढं धरला, आणि मी स्पीकर लावला. पोरगी दवाखान्यातूनच बोलत होती. बीपी आवरत नव्हतं, डॉक्टर थांबायला तयार नव्हते. घ्यायला गेलेली बाई विमानतळावर नावाची पाटी धरून उभी होती, पण आत, काचेमागे. तिथं कोणी विमानाजवळ जात नाही. उतरणाऱ्यानं उतरून यायचं असतं.

"खिडकीशी नाई गेली?" याकूबभाईंनी विचारलं. "थाप नाई मारली? नाव नाई घेतलं?"

शबनमला स्टँड माहीत होता, बापही माहीत होता. पण अम्मी विमानातही एसटीसारखी बसून राहील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. माझ्यासुद्धा नव्हतं. इतके दिवस तो मंत्र ऐकत होतो, एकाच्याही डोक्यात आलं नाही.

थोड्या वेळानं भाभीचा फोन आला, पुढच्या गावातून, तिथल्या कोणाच्या तरी फोनवरून. वादळ सुटलं होतं. परतीचं विमान त्या दिवशी नव्हतं. घाटाचा रस्ता बर्फानं बंद, गाड्या अडवून ठेवलेल्या. बर्फ लोटणारं मोठं यंत्र पुढं आणि त्याच्यामागून सगळ्यांनी रांगेनं जायचं. विमानतळावरचा एक माणूस आपल्या गाडीतून तिला न्यायला तयार झाला होता. याकूबभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीच म्हटलं, भाभी, जा. फोन बंद झाला.

नंतर कोणाचाच फोन नाही. भाभीचा नाही, शबनमचाही नाही. दुपारची उन्हं उतरली. जीपवाले आपापल्या गाड्या आपणच भरून आणत आणि न सुटता तिथंच उभे राहत. नर्स पोरगी फोन उचलत नाही ह्याचा अर्थ मला कळत होता आणि मी तो गिळून बसले होते. याकूबभाई माझ्या दुकानातल्या स्टुलावर होते. एकदाच बोलले.

"ताई, झटक्यानं माणूस मरते काय?"

दवाखान्यात आहे ती, मी म्हटलं. दवाखान्यातही मरतं, हे सांगू?

दिवे लागणीला फोन वाजला. व्हिडिओ होता. पडद्यावर भाभी. कोट अंगातच, डोळे सुजलेले. तिनं फोन वळवला तेव्हा पलंगावर शबनम दिसली, पांढरीफटक, नाकाला नळी, पण छाती वरखाली होत होती. शेजारी गाठोड्यात मुलगी. झटके आले होते. घाईघाईनं पोट फाडून बाळ काढावं लागलं. शुद्ध होती तोवर पोरगी अम्मी-अम्मी करत होती, असं तिथल्या नर्सनं भाभीला खुणेनं सांगितलं. भाभी पोहोचली ती सगळं उरकल्यावर.

दोघी जिवंत होत्या. स्टँडवर कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी रडलं, मीही रडले. याकूबभाईंनी आभाळाकडे हात केले, आणि मग बायकोची समजूत घालायला लागले. तुझी काही चूक नाही, त्या बाईनं यायला पाहिजे होतं विमानापाशी, अंधार, परका मुलूख, तुला कसं समजणार कोणतं गाव ते.

"मले समजलं होतं," भाभी म्हणाली.

याकूबभाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला.

"खिडकीतून गावाची पाटी दिसत होती. लाइट होता तिच्यावर. एक एक अक्षर लावून वाचली मी. शबनमच्याच गावाचं नाव. विमानातल्या पोरीनं मले काही विचारलं बी, मी येस येस म्हटलं. पट्टा सोडला होता म्या. मंग पुन्हा लावला."

"काहून?"

"तुमी सांगतलं होतं ना, माणूस आल्याशिवाय उठू नको."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पाटी वाचली, गाव ओळखलं, त्याच गावात लेक ओरडतेय, आणि ही बाई पट्टा लावून बसून राहिली! एवढी वर्षं माझ्या दुकानात बसणारी, सगळी नावं बरोबर वाचणारी ही बाई. मला तिचा राग आला, मग याकूबभाईंचा आला, मग कोणावर रागवावं तेच कळेना.

"एक आयका," भाभी म्हणाली. "येतानी मले कोणाच्या हवाली करू नका."

त्यानंतरचे याकूबभाई मी पाहिले ते निराळेच. टपरी रोज उघडत. बुकिंग करत. पण एखादी बाई एकटी गाडीत चढताना दिसली की खुर्चीतून अर्धवट उठत आणि पुन्हा बसत. एकदा तर कोणी म्हातारी स्वतःच टपरीशी येऊन म्हणाली, भाऊ, मले कोणाच्या तरी हवाली कर. हे तिच्याकडे नुसतेच बघत राहिले. शेवटी मला राहवलं नाही. मी दुकानातून ओरडले, अहो, ती मागून राहिली ना, मग द्या की सोबत! तेव्हा कुठं उठले, तिला एका कुटुंबाशेजारी बसवलं, आणि खिडकीतून खालच्या आवाजात म्हणाले, "आजी, गाव आलं असं वाटलं तं उतरजा बरं. वाट नका पाहू."

भाभी कधी येणार हे तिनं कळवलंच नाही. निघाली एवढंच शबनमनं सांगितलं. त्या पाकिस्तानी टॅक्सीवाल्यानं स्वतः फोन केला, रुसला होता, बहिणीला विमानतळावर सोडायला मला का नाही सांगितलं म्हणून. दोन दिवस ते फाटकाशी उभे. आलेली प्रत्येक गाडी पुढून मागून पाहायची आणि परत यायचं. फोन मात्र कुठल्या चहावाल्याला केला नाही, कुठल्या हमालाला नाही. मी जेवायला बोलावलं तर नको म्हणाले.

ऊन तापायला लागलं होतं तेव्हा. वाशिमची गाडी लागली, आणि गर्दीत भाभी उतरली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातावर तो जाड कोट. जरा उजळली होती की बारीक झाली होती, मला नीट सांगता येणार नाही. पण चालणं बदललं होतं. याकूबभाई भराभर पुढं गेले, बॅगेसाठी हात केला आणि मधेच मागं घेतला. जगाला रस्ता सांगणाऱ्या माणसानं विचारलं, "कशी आली?"

"गाव आलं तशी उतरली," भाभी म्हणाली.

मी काउंटर सोडून दारात आले होते. पुढं मी लेकाकडे अकोल्याला राहायला गेले आणि याकूबभाई गेल्याचं मला तिथंच फोनवर कळलं, म्हणून माझ्या डोळ्यांपुढं ते उभे राहतात ते त्या दुपारचेच. फाटकाबाहेरचा रस्ता, ट्रॅक्टर, जिपा, एसट्या, सगळ्यांची एकच घाई. भाभी दोन्हीकडे बघून सरळ पलीकडे गेली. याकूबभाई अलीकडेच राहिले. सवयीनं तिच्यासाठी गाड्या थांबवायला हात वर केला होता, तो तसाच राहिला, आणि थांबवायचं कोणासाठी ते त्यांना कळेना. पलीकडून भाभी वळली. तिनं एक ट्रॅक्टर जाऊ दिला, मग पुन्हा डावी-उजवीकडे पाहिलं.

"या आता," ती म्हणाली. "नाई येऊन राह्यलं कोणी."

आणि याकूबभाई रस्ता ओलांडून गेले.